मलेरिया होऊन गेलाय, मग केनियाला जाताना गोळ्या कशाला?

पनवेलच्या एका वाचक भगिनींचं (वय ५९) पत्र थोडक्यात असं:

ऑगस्टअखेर मुलगा, सून, सहा वर्षांचा नातू आणि त्या दोघं असे पाच जण टूरबरोबर केनियाला निघालेत. एकूण नऊ दिवस. नैरोबी, नैवाशा, मसाई मारात तीन रात्री आणि शेवटी मोंबासाजवळ दियानीच्या किनाऱ्यावर दोन रात्री. गणपतीच्या आत घरी परत. मुलाचं म्हणणं, मलेरियाच्या गोळ्या घ्यायच्याच. मिस्टरांचा (वय ६४, मधुमेह आणि रक्तदाब) साफ नकार. "आपल्या दोघांनाही मलेरिया होऊन गेलाय, अंगात ताकद आलेली आहे. गोळ्यांनी लिव्हर बिघडतं. आणि टूर मॅनेजर सांगतो, आजवर त्यांच्या एकाही ग्रुपमध्ये कुणाला झाला नाही." ओळखीच्या केमिस्टने मधला मार्ग म्हणून आठवड्याला दोन क्लोरोक्विन घ्यायला सांगितल्या आहेत. यलो फीव्हरची लस सगळे घेणारच आहेत आणि पाणीही बाटलीबंद पिणार आहेत. बाईंना स्वतःला गुडघ्यांसाठी कॅल्शियम चालू आहे, काही वर्षांपूर्वी नैराश्यासाठी औषधं झाली होती. नातवाचं वजन १८ किलो. त्या विचारतात, "एवढं पुरेसं नाही का? की मिस्टरांशी वाद घालण्यात अर्थ आहे?"

नमस्कार ताई,

आधी टूर मॅनेजरचं बघू. तो खोटं बोलत नसेल, पण त्याला कळायला मार्ग नाही. मलेरियाचा डास चावल्यापासून ताप येईपर्यंत कमीत कमी सात दिवस जातात. बऱ्याच जणांना नऊ ते चौदा दिवस लागतात, कधी महिनाही. दियानीच्या शेवटच्या रात्री चावलेला डास तुम्हाला पनवेलला पोचल्यावर आजारी पाडेल, तोवर मॅनेजर पुढचा ग्रुप घेऊन मारात पोचलेला असेल. सहलीत कुणाला ताप आला नाही, एवढीच त्याच्या सांगण्याची किंमत. परतल्यावर महिन्याभराने तो प्रत्येकाला फोन करून विचारतो का, हे त्याला जरूर विचारा.

आता "होऊन गेलाय" याबद्दल. मुंबई-पनवेल पट्ट्यातला मलेरिया बहुतांशी व्हायवॅक्स या परजीवीचा. हुडहुडी भरून ताप, क्लोरोक्विनचा तीन दिवसांचा कोर्स, पुढे चौदा दिवस प्रायमाक्विन, की माणूस परत कामाला. तुमच्या आठवणीतला मलेरिया बहुधा हाच असणार. केनियातला मलेरिया मुख्यतः फाल्सिपेरमचा, आणि त्याची चाल वेगळी. व्हायवॅक्स रक्तातल्या कोवळ्या तांबड्या पेशींमध्येच शिरतो, त्यामुळे त्याच्या वाढीला आपोआप मर्यादा पडते. फाल्सिपेरम कोवळी-जुनी कुठलीही पेशी सोडत नाही. शिवाय त्याने पछाडलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात आणि मेंदूचा, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा अडतो. उपचार लांबले तर साध्या तापापासून बेशुद्धीपर्यंतचं अंतर एक-दोन दिवसांत कापलं जाऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात मलेरियाने ५,९७,००० माणसं गेली, त्यातली सुमारे ९५ टक्के आफ्रिकेत. मरणाऱ्यांत बहुसंख्य तिथलीच लहान मुलं असतात हे खरं. पण बाहेरून जाणाऱ्या प्रवाशाचं शरीरही फाल्सिपेरमसमोर त्या मुलांइतकंच नवखं असतं.

अंगात ताकद येते का? येते, पण अर्धवट, आणि वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा डास चावून घेतल्यावर. त्या भागातून बाहेर पडलं की तीही ओसरत जाते. केनियात जन्मलेली माणसं काही वर्षं लंडनला राहून सुट्टीला घरी जातात, तेव्हा तीसुद्धा आजारी पडतात. जुन्या व्हायवॅक्सची शिदोरी फाल्सिपेरमसमोर कामाला येणार नाही. उलट वय साठीच्या पुढे असेल तर हा मलेरिया गंभीर होण्याची शक्यता जास्त. म्हणजे तुमच्या पाच जणांत सर्वात जपायला हवं ते मिस्टरांना आणि नातवाला.

केमिस्टचा सल्ला चाळीस वर्षांपूर्वी ठीक ठरला असता. आज पूर्व आफ्रिकेतला फाल्सिपेरम क्लोरोक्विनला दाद देत नाही. आपण काहीतरी घेतोय या समाधानात माणूस मच्छरदाणी आणि क्रीमकडेही दुर्लक्ष करतो, म्हणून हा मधला मार्ग काहीच न घेण्यापेक्षा वाईट म्हणावा लागेल.

बाटलीबंद पाणी जरूर प्या, पण जुलाब टाळायला. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी पाहिला, तरी आपल्याकडे ताप आला की अजून पहिलं वाक्य "पाणी बदललं" हेच असतं! यलो फीव्हर हा निराळ्या विषाणूचा, दिवसा चावणाऱ्या एडिस डासाचा आजार. त्याच्या लशीचा मलेरियावर काही परिणाम होत नाही. ती प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रातच घ्या, कारण प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि ते नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. मिस्टर साठीच्या पुढचे आहेत आणि ही त्यांची पहिलीच मात्रा असेल, तर ते केंद्रातल्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. या वयात क्वचित गंभीर त्रास होऊ शकतो, त्यामुळे निर्णय त्यांनी तपासून घ्यायचा असतो. मलेरियाची आर२१ ही लस पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते, ती आपल्याला का नाही, हा प्रश्नही बरेच जण विचारतात. ती मलेरियाग्रस्त भागात राहणाऱ्या लहान मुलांसाठी आहे, पाचव्या महिन्याच्या आसपास सुरू करून चार मात्रांत देतात. प्रवाशांसाठी ती नाही.

मग गोळ्या लागतातच का? ते देशावर नाही, रात्री कुठे काढणार त्यावर ठरतं. नैरोबी सुमारे १७०० मीटर उंचीवर आहे, थंड आहे, तिथे धोका फारच कमी. फक्त नैरोबीत मीटिंगला जाऊन येणाऱ्याने क्रीम आणि मच्छरदाणीवर भागवलं तर त्याला दोष देता येणार नाही. नैवाशाही उंचावर. मसाई मारा दीड हजार मीटरच्या वर आहे आणि ऑगस्टमध्ये तिथे मोठा पाऊस नसतो, त्यामुळे तिथला धोका किनाऱ्यापेक्षा कमी, पण शून्य नाही. दियानी मात्र समुद्रसपाटीला, दमट आणि उबदार. तिथे मलेरिया बाराही महिने. तुमच्या सहलीतल्या पाच रात्री जोखमीच्या भागात जातात. एवढ्यासाठी मी गोळ्यांच्या बाजूने आहे, आणि दियानी गाळली तरी मारासाठी घ्या असंच म्हणेन.

गोळ्या तीन प्रकारच्या आहेत. कुठली कुणाला हे डॉक्टरच ठरवतील, पण त्यांच्याकडे जाताना हे माहीत असू द्या.

पहिली ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल. मोठ्यांसाठी २५०/१०० मिलिग्रॅमची एक गोळी रोज, ठरलेल्या वेळी, जेवणाबरोबर किंवा दुधाबरोबर. रिकाम्या पोटी घेतली तर औषध नीट शोषलंच जात नाही, आणि मळमळतं ते वेगळं. जोखमीच्या भागात जाण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करायची आणि तिथून निघाल्यावर सात दिवस चालू ठेवायची. सोपं म्हणून सगळी सहल धरली तर माणशी अठरा गोळ्या. १८ किलोच्या मुलाला मोठ्यांच्या गोळीच्या चौथाईइतकी मात्रा रोज लागते. मुलांची छोटी गोळी मिळाली तर उत्तम, कडू असते म्हणून चुरून घट्ट गोड दुधात द्यावी. घेतल्यापासून तासाभरात उलटी झाली तर मात्रा पुन्हा द्यायची. मूत्रपिंडाचं काम फारच कमी झालेलं असेल तर ही गोळी चालत नाही. मिस्टरांना मधुमेह आहे, म्हणून त्यांचं क्रिएटिनिन आधी तपासून रिपोर्ट सोबत न्या. ही गोळी प्रत्येक दुकानात नसते, म्हणून मागणी दोन-तीन आठवडे आधी नोंदवा.

दुसरी डॉक्सिसायक्लिन, १०० मिलिग्रॅम रोज. स्वस्त आणि कुठेही मिळणारी. आपल्या राष्ट्रीय मलेरिया कार्यक्रमाच्या सूचनांमध्ये सहा आठवड्यांपेक्षा कमी मुक्कामासाठी हीच सांगितली आहे. दोन दिवस आधी सुरू, परतल्यावर चार आठवडे चालू, म्हणजे जवळपास चाळीस गोळ्या. हिच्या दोन खोड्या माहीत हव्यात. एक, उन्हाने कातडी लवकर भाजते, आणि सफारीच्या उघड्या छपराच्या गाडीत तुम्ही तासन्‌तास उन्हातच उभे असता. दुसरी, गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्यायची आणि पुढचा अर्धा तास आडवं व्हायचं नाही. रात्री झोपताना घोटभर पाण्याबरोबर गिळणाऱ्यांची छाती जळते ती यामुळेच. तुमचं कॅल्शियम हिचं शोषण रोखतं, दोन्हींत दोन-तीन तासांचं अंतर लागेल. आठ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बायकांना ही देत नाहीत, म्हणजे नातू बाद.

तिसरी मेफ्लोक्विन, २५० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदाच, त्यामुळे अनेकांना मोह पडतो. पण ती किमान दोन आठवडे आधी सुरू करावी लागते आणि नंतर चार आठवडे घ्यायची. तुमच्यासाठी ती नकोच. नैराश्य, फार चिंता किंवा फिट येण्याचा इतिहास असलेल्यांना ती देत नाहीत, कारण विचित्र स्वप्नं, भास, घाबरेपणा असे त्रास होऊ शकतात. पूर्वीच्या औषधांचा विषय डॉक्टरांसमोर काढायला संकोच करू नका. मिस्टरांच्या रक्तदाबाच्या गोळीचं नाव 'लोल'ने संपत असेल (ॲटेनोलोल, मेटोप्रोलोल) तर त्यांनाही शक्यतो नको.

माझा कौल: क्रिएटिनिन ठीक असेल तर पाचही जणांना पहिली.

आता लिव्हर. मिस्टरांची धास्ती घालवायची तर परजीवीचा प्रवास सांगा. डासाने सोडलेला परजीवी काही मिनिटांतच लिव्हरमध्ये शिरतो, तिथे आठवडाभर वाढतो आणि मग हजारोंच्या संख्येने रक्तात उतरतो. डॉक्सिसायक्लिन आणि मेफ्लोक्विन त्याला मुख्यतः रक्तात गाठतात, म्हणून परतल्यावर चार आठवडे पहारा ठेवावा लागतो. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल लिव्हरमध्येच मारते, म्हणून सात दिवस पुरतात. अठरा दिवसांच्या या कोर्सने धडधाकट लिव्हरला गंभीर इजा होणं फार क्वचित घडतं. पोट बिघडणं, तोंड येणं एवढं होऊ शकतं. गोळ्या फसतात त्या बहुतेक वेळा घरी पोचल्यावर. बॅगा रिकाम्या झाल्या, गणपतीची गडबड सुरू झाली, आणि पाकीट तसंच कपाटात राहिलं.

गोळी शंभर टक्के नाही, म्हणून डास चावू न देणं हे अर्धं काम. मलेरियाचा ॲनोफिलिस संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, मध्यरात्रीनंतर जास्त. भिंतीवर बसतो तेव्हा त्याचं शेपूट वर उचललेलं असतं, आणि कानाशी गुणगुण ऐकू येईलच असं नाही. "डास दिसले नाहीत" याला म्हणूनच फारसा अर्थ नाही.

सफारीवरून साडेसहाला परतलात की अंघोळ, मग पूर्ण बाह्यांचे फिकट कपडे, लांब पँट, मोजे. शेकोटीभोवती बसल्यावर डास टेबलाखाली घोट्यांना चावतात आणि आपण क्रीम लावतो हातांना! क्रीम घेताना वेष्टनावर घटकाचा टक्का वाचा. डीट २० ते ५० टक्के किंवा पिकारिडिन २० टक्के हवं, आपल्याकडच्या नेहमीच्या क्रीममध्ये प्रमाण बरेचदा याहून कमी असतं. सुमारे ३० टक्के डीट पाच-सहा तास चालतं, घाम आला तर लवकर उतरतं. सनस्क्रीन आधी आणि ते मुरल्यावर क्रीम, उलट नाही. नातवाला मोठ्यांनी लावून द्यावं, तळहातांना नाही, कारण हात तोंडात जातात.

तंबूत किंवा खोलीत संध्याकाळी कर्मचारी मच्छरदाणी सोडून जातात. झोपण्याआधी आत टॉर्च फिरवा. आधीच अडकलेला एक डास रात्रभर जेवतो. जाळीला भोक असेल तर तिथे गाठ मारा, किंवा चिकटपट्टी न्या. चारही बाजू गादीखाली हाताने खोचा, नुसत्या लोंबत्या ठेवू नका. पाठ किंवा कोपर जाळीला टेकलं तर डास बाहेरूनच चावतो, म्हणून नातवाला मधे झोपवा. घरचं लिक्विड मशीन नेणार असाल तर केनियातले सॉकेट ब्रिटिश पद्धतीचे, तीन चौकोनी पिनांचे असतात, ॲडॉप्टर लागेल. शिवाय मारातल्या बऱ्याच कॅम्पमध्ये जनरेटर रात्री बंद करतात, तेव्हा मशीनही बंद आणि पंखाही. दियानीला एसी खोली असेल तर खिडक्या लावून एसी चालू ठेवा. लसणाच्या गोळ्या, बी जीवनसत्त्व, आवाजाने डास पळवणारं मोबाइल ॲप यांवर विसंबू नका. होमिओपॅथीच्या प्रतिबंधक गोळ्यांनाही पुरावा नाही.

आणि आता या पत्रातलं सर्वात महत्त्वाचं. तुम्ही परताल तेव्हा इथे डेंग्यू आणि व्हायरलचा हंगाम असेल. घर पाहुण्यांनी भरलेलं, अशा वेळी ताप आला की क्रोसिन घेऊन आरती करायची आपली रीत. डॉक्टर रक्त तपासतील, प्लेटलेट कमी दिसतील आणि सगळ्यांच्या मनात डेंग्यू येईल. मलेरियातही प्लेटलेट उतरतात. थंडी वाजून, दिवसाआड ताप येईल अशी वाट बघू नका. फाल्सिपेरमचा ताप सलग राहू शकतो, सोबत नुसती डोकेदुखी, उलट्या, जुलाब किंवा अंग मोडून येणं असू शकतं.

म्हणून जोखमीच्या भागात पाऊल टाकल्यापासून सात दिवसांनंतर कधीही ताप आला, तर त्याच दिवशी रक्त तपासायचं. गोळ्या चालू असल्या तरीही. डॉक्टरांसमोर पहिलं वाक्य लक्षणांचं नको, "मी केनियाहून येऊन इतके दिवस झाले" हे हवं, कुठली गोळी घेतली तेही सांगा, कारण त्याच औषधाने उपचार करत नाहीत. मलेरियासाठी जाड आणि पातळ स्मिअर (काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून केलेली तपासणी), जमल्यास सोबत रॅपिड कार्ड, आणि रिपोर्ट त्याच दिवशी. पहिला निगेटिव्ह आला आणि ताप टिकला तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा, एकूण तीनदा. परजीवी रक्तात कमी असताना एक थेंब हुकू शकतो. गुंगी, असंबद्ध बोलणं, धाप, कावीळ किंवा लघवी कमी होणं दिसलं तर दवाखाना नाही, थेट आयसीयू असलेलं रुग्णालय, कारण तिथे शिरेतून आर्टेसुनेट हे मलेरियाचं औषध द्यावं लागतं. पहिले तीन महिने सर्वात सावध राहायचं. लिव्हरमध्ये दडून राहणारे प्रकार महिन्यांनी डोकं वर काढतात, त्यामुळे वर्षभर तापाबरोबर केनियाचा उल्लेख करत जा.

अशाच प्रवासाच्या तयारीतल्या इतरांसाठी दोन शब्द. गरोदर असाल तर अशा भागात जाणं पुढे ढकला, टळतच नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नका. नायजेरिया, काँगो, मोझांबिकला नोकरीसाठी निघालेल्यांनी सहा आठवड्यांवरच्या मुक्कामाचं औषध वेगळं ठरवून घ्यावं, आणि दोन-तीन महिन्यांनी कंटाळून गोळी सोडली तरी मच्छरदाणी सोडू नये. रक्त पातळ करायला वॉरफरिन चालू असेल तर वरच्या औषधांनी त्याचा परिणाम बदलतो, आधी डॉक्टरांना सांगा. आणि फाल्सिपेरमसाठी आफ्रिकाच गाठावी लागते असं नाही, गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातही तो आहे.

राहिला वाद. गोळी घ्या-नको यावर मिस्टरांशी भांडू नका. निघायच्या चार ते सहा आठवडे आधी क्रिएटिनिन करायचं आणि पाचही जणांनी एकत्र डॉक्टरांकडे जायचं, एवढंच कबूल करून घ्या. उशीर झाला असेल तरी जा, वरच्या पहिल्या दोन प्रकारच्या गोळ्या निघायच्या आदल्या दिवशीही सुरू करता येतात. नातवाच्या गोळीचा निर्णय त्याच्या आई-वडिलांचा, तो आजोबांच्या मतावर अडवू नये. आणि एवढं होऊनही मिस्टर नाहीच म्हणाले, तर ते मोठे आहेत, तो त्यांचा निर्णय. त्या बदल्यात एक गोष्ट मुलासमोर कबूल करून घ्या: परतल्यावर घरात थर्मामीटरचा आकडा १००.४ च्या वर गेला, तर "उद्या बघू" हे त्यांनी म्हणायचं नाही आणि मुलाने रात्री अकरालाही गाडी काढायची.